चार रेघांच्या प्राण्याला कडक परीक्षक हवा

मोजक्या रेघांत काढलेलं, जरा खोडकर असं प्राण्याचं चित्र समोर आलं की पाहणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, "यात काय एवढं? माझं पोरगंही काढेल." दुसरा म्हणतो, "अय्या, किती गोड!" पहिल्याला वाटतं चित्रकार फुकटचा मोठेपणा मिळवतोय, दुसऱ्याला चित्रकाराचे गाल ओढावेसे वाटतात. वरवर हे भांडण वाटतं. खरं तर दोघांचं एकमत आहे: या चित्राकडे दोन सेकंदांहून जास्त वेळ बघायची गरज नाही.

माझी तक्रार दोघांविरुद्ध आहे, आणि ती नुसत्या रसिकतेची नाही. स्पर्धेत कोणत्या चित्राला नंबर द्यायचा, मुलाच्या चित्रकलेच्या वहीत किती गुण लिहायचे, पुस्तकातल्या चित्रांचं मानधन कसं ठरवायचं, सार्वजनिक भिंतीवर काय रंगवायचं, हे निर्णय कुणीतरी घेत असतं. त्यात 'किती भरलंय' हा निकष बहुतेक वेळा कुणी न बोलताच लागू होतो. पान कोरं राहिलं की गुण कापले जातात. शेडिंग नाही, पार्श्वभूमी नाही, फिनिशिंग नाही. याला कंटाळलेले लोक मग साधेपणाचा झेंडा घेतात आणि रेघा कमी म्हणजे चित्र चांगलं, असं ठरवून मोकळे होतात. मला दोन्ही पटत नाही. कमी रेघांच्या चित्राला सवलत नको, उलट जास्त कडक परीक्षा हवी. लपायला जागा नसलेलं काम ते हेच, आणि ज्याच्या चुका आपल्याला काढता येत नाहीत त्याची दादही आपण नीट देऊ शकत नाही.

एक चित्र डोळ्यांपुढे आणा. कुत्रं बसून मागच्या पायाने कान खाजवतंय आणि बाजूला एक बदक ते बघत उभं आहे. कुत्र्याला एक लांब रेघ: नाकापासून निघून कपाळ, मान, पाठ करत शेपटीपाशी संपलेली. खाजवणारा पाय म्हणजे कानाजवळ तीन तुटक फटकारे. बदक म्हणजे चोच, एक ठिपका आणि पोटाचा अर्धगोल. झालं चित्र. आता यात बघायचं काय? खाजवताना कुत्रं मान पायाकडे झुकवतं, कारण नुसता पाय उचलून कानाची ती जागा सापडत नाही. त्यामुळे पाठीची रेघ मध्येच कुठेतरी पिळवटल्यासारखी वळायला हवी. बैठकीचं सगळं वजन एका बाजूच्या ढुंगणावर असतं, म्हणून पुढचे पाय जरा फाकलेले हवेत, नाहीतर ते कलंडेल. डोळा अर्धवट मिटलेला, तोंडाची कड त्याच बाजूला ओढलेली. एवढं ज्याला ठाऊक आहे त्याचं कुत्रं चार रेघांत खाजवायला लागतं. ज्याला ठाऊक नाही त्याने अंगावरचा केस न् केस काढला तरी ते पेंढा भरलेलंच दिसतं.

बदकाचंही तसंच. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे काही नीट न्याहाळायचं असलं की ते मान तिरपी करून एक डोळा रोखतं. तो ठिपका कुठे ठेवलाय यावर बदक कुत्र्याकडे बघतंय की कागदाबाहेर, हे ठरतं. ठिपका जरासा वर सरकला की त्याच बदकाच्या चेहऱ्यावर तुच्छता येते. हसू येतं ते त्या जागेमुळे, आणि ती जागा केसभर चुकली तर विनोद मेला. शंभर रेघांच्या चित्रात एक रेघ चुकली तर नव्याण्णव तिला सांभाळून घेतात. इथे सांभाळायला कुणी नाही.

तरीही पहिला आक्षेप वेळेचाच येतो. दोन मिनिटांत काढलेल्या चित्राचे एवढे पैसे कसले? हा वाद नवा नाही. १८७८ साली लंडनच्या कोर्टात तो रीतसर झाला. समीक्षक जॉन रस्किन यांनी चित्रकार व्हिसलर यांच्या एका रात्रदृश्यावर जळजळीत लिहिलं, व्हिसलरने अब्रुनुकसानीचा दावा लावला. उलटतपासणीत विचारलं गेलं की दोन दिवसांच्या कामाचे तुम्ही २०० गिनी मागता का? त्यावर व्हिसलरचं उत्तर असं होतं की ते पैसे आयुष्यभराच्या कामातून मिळालेल्या जाणतेपणाचे आहेत. हे उत्तर कलावंतांच्या तोंडी आजही असतं. खटल्याचा शेवट मात्र कुणी फारसा सांगत नाही. व्हिसलर जिंकला, भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, आणि पुढच्याच वर्षी त्याचं दिवाळं निघालं. ज्यूरीने तत्त्व मान्य केलं आणि दाम द्यायचं नाकारलं. कमी रेघांच्या कामाबद्दल समाजाची भूमिका अजूनही साधारण हीच आहे.

पण आयुष्यभराच्या जाणतेपणाचा युक्तिवादही मी जसाच्या तसा घेणार नाही. जाणतेपणा चित्रात दिसला पाहिजे, चित्रकाराच्या वयात नव्हे. तो कसा दिसतो याचा सर्वात उघड पुरावा पिकासोच्या बैलात आहे. ५ डिसेंबर १९४५ ते १७ जानेवारी १९४६ या काळात पॅरिसमध्ये फेर्नां मुर्लो यांच्या शिळाछापखान्यात पिकासोने एकाच बैलाच्या ११ अवस्था छापल्या. पहिला बैल बराचसा खऱ्यासारखा, अकरावा म्हणजे हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या रेघा. या मालिकेचा आता ऑफिसातल्या सादरीकरणांनी पार चोथा केलाय. ॲपल कंपनीच्या अंतर्गत प्रशिक्षणात ती साधेपणाचा धडा म्हणून दाखवतात, असं २०१४ मध्ये छापून आलं होतं. धडा असा सांगितला जातो की अनावश्यक ते काढत जा, मग सार उरतं.

ती चित्रं ओळीने बघितली तर तसं काही होत नाही. दुसऱ्या अवस्थेत बैल हलका होण्याऐवजी आणखी बोजड, आणखी काळा होतो. मग त्याच्या अंगावर खाटकासारख्या चिरा पडतात, कुठे खांदा संपतो आणि कुठे मांडी सुरू होते याची मांडामांड चालते. भार इकडून तिकडे सरकतो, डोकं लहान होत जातं. अकराव्या बैलातली एकही रेघ पहिल्या बैलातून 'उरलेली' नाही. ती नव्याने शोधलेली आहे. एवढंसं डोकं, त्यावर शिंगं, आणि मागे अवाढव्य धड. बैलाचं बैलपण त्याच्या वजनात आहे, चेहऱ्यात नाही, असा तो निष्कर्ष आहे. तुम्हाला तो पटो न पटो, पण त्यावर वाद घालता येतो. 'किती गोड'वर वाद घालता येत नाही.

आता भरगच्चपणाकडे वळू, कारण तपशील म्हणजे सच्चेपणा हा समज फार खोल रुजलाय. १५१५ साली गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला गेंडा जहाजाने लिस्बनला पोचला. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये बसलेल्या चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. आलेलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन यांवरून त्याने लाकडी ठसा कोरला. काय तो तपशील! कातडीच्या घड्या चिलखताच्या पत्र्यांसारख्या, पायांवर खवले, आणि पाठीवर खांद्यांच्या मध्ये एक जास्तीचं, पिळाचं छोटं शिंग. ते शिंग कुठल्याही गेंड्याला नसतं. तरी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपातली प्राण्यांची पुस्तकं हाच गेंडा खरा म्हणून छापत राहिली. चित्र म्हणून तो ठसा अफाट आहे, माझा त्याच्यावर जीव आहे. पण लोकांचा त्यावर विश्वास बसला तो तपशिलामुळे. इतकं बारीक काढलंय म्हणजे पाहूनच काढलं असणार, असं डोळा गृहीत धरतो.

याच्या शेजारी फ्रान्समधल्या रूफिन्याक गुहेतले मॅमथ, म्हणजे नामशेष झालेले लोकरी हत्ती, ठेवा. साधारण १३,००० वर्षांपूर्वीची ही चित्रं, त्यात १५०हून जास्त मॅमथ. कित्येक तर नुसत्या काळ्या रेघांचे: डोक्याचा घुमट, मानेवरचा खळगा, पाठीचा उतार, सोंड, दात. छपरावर, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात, खोडरबर नसताना काढलेले. त्यांतल्या काहींच्या शेपटीखाली एक छोटी रेघ आहे. ती आहे गुदद्वारावरची कातडीची झडप, कडाक्याच्या थंडीत ऊब आत राखणारी. सायबेरियाच्या बर्फात गोठलेला मॅमथ मिळाला तेव्हा ती झडप प्रत्यक्ष दिसली. बाकी अंगभरच्या लोकरीसाठी चार फराटे पुरे वाटणाऱ्या त्या माणसाला ही एक गोष्ट सोडावीशी वाटली नाही. मला ती रेघ काढताना तो हसलाही असेल असं वाटतं, पण त्याला पुरावा नाही. एवढं मात्र पक्कं की त्याने मॅमथ मागून, जवळून, पुरेसा वेळ पाहिला होता.

हा एखाद्या गुहेपुरता योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण २०१२ साली हंगेरीतल्या संशोधकांनी चालत्या चौपायांची हजारेक चित्रं आणि शिल्पं तपासली. प्रश्न एकच: चालताना पाय ज्या क्रमाने पडतात तो बरोबर दाखवलाय का? १८८७ मध्ये मायब्रिज या छायाचित्रकाराने प्राण्यांच्या हालचालींचे टप्प्याटप्प्याने काढलेले फोटो प्रसिद्ध केले, त्याआधीच्या कलाकृतींमध्ये ८३.५ टक्के चूक निघाली. फोटोंनंतरच्या काळात ती ५७.९ टक्क्यांवर आली. आणि प्रागैतिहासिक चित्रांमध्ये? ४६.२ टक्के. म्हणजे ज्यांना स्नायूंचे आलेख, शवविच्छेदन, तैलरंग असं सगळं उपलब्ध होतं त्या चित्रकारांपेक्षा गुहेतल्या लोकांनी पाय जास्त वेळा बरोबर टाकले. यावरून तपशील वाईट असतो असं कुणी काढू नये. तपशील आणि निरीक्षण या वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक पाहून दुसरी गृहीत धरता येत नाही, इतकंच.

मग खोडकरपणाचं काय? इथे तर आपली अडचण आणखी मोठी. गंभीर चेहऱ्याच्या चित्राला आपण आपोआप वरचं पान वाढतो. हसवणारं चित्र लहान मुलांच्या खोलीत, कपावर, टी-शर्टवर जातं. जपानमध्ये क्योटोच्या कोझान-जी मंदिराकडे बाराव्या-तेराव्या शतकातल्या काही गुंडाळ्या आहेत, 'चोजू-गिगा' नावाने ओळखल्या जाणाऱ्या. रंग नाही, फक्त शाई. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध दृश्य कुस्तीचं. बेडकाने सशाला चीत केलंय आणि बेडकाच्या तोंडातून विजयाचा फूत्कार शाईच्या वळणदार रेघांनी बाहेर पडतोय. आवाज किंवा श्वास असा रेघेने दाखवायची युक्ती आपण आधुनिक चित्रकथांच्या खात्यावर मांडतो, ती इथे आठशे वर्षांपूर्वीची आहे. दुसरीकडे भिक्षूचं वस्त्र घातलेलं माकड पूजा करतंय आणि पूज्यस्थानी बुद्धाच्या बैठकीत बेडूक विराजमान. हा विनोद मंदिरातच जपला गेला, हे विशेष. आणि बारकाईने बघाल तर ससा कुस्ती खेळतानाही ससाच आहे. पडताना त्याचे कान सशाच्याच कानांसारखे फेकले जातात. प्राण्याला माणसाचं काम दिलं की बहुतेक चित्रकार प्राण्याचं डोकं माणसाच्या धडावर बसवून मोकळे होतात. इथे शरीर त्याचं आणि उद्योग आपला, म्हणून टोचतं.

याहून कमी सामग्रीत याहून मोठा वार सेंगाईने केला. हा झेन भिक्षू (१७५०–१८३७), हाकाता इथल्या शोफुकु-जी मठाचा प्रमुख, म्हणजे कुणी ऐरागैरा बंडखोर नव्हे. त्याने कुंचल्याच्या थोड्या फटकाऱ्यांत एक बेडूक काढला, निवांत बसलेला, तोंडावर मिश्कील भाव. बाजूला लिहिलं की ध्यानाला बसून माणूस बुद्ध होत असेल तर... वाक्य तिथेच सोडलं. उरलेलं बेडूक सांगतो. तो जन्मापासून तसाच बसलाय! आता या चित्रात विनोद आणि निरीक्षण वेगळे काढून दाखवा बघू. बेडकाच्या बसण्याची ठेवण, ते रुंद बूड, पुढचे टेकवलेले पाय, वर उचललेली नजर, हे जसंच्या तसं बरोबर नसतं तर टीका उभीच राहिली नसती. उलट बारीकसारीक ठिपके, कातडीची चमक, कमळाची पानं, तळं असं सगळं भरलं असतं तर आपण तळं बघत बसलो असतो. मठाधिपतीने स्वतःच्याच साधनेची केलेली थट्टा आहे ही, आणि ग्रंथभर युक्तिवादाने जे झालं नसतं ते एका बेडकाने केलं. म्हणून खेळकर चित्राला हलकं मानणाऱ्यांचं मला नवल वाटतं. विनोद चालायला चित्रकाराला प्राणीही ठाऊक असावा लागतो आणि आपणही.

पाहणाऱ्याचा डोळा रिकामी जागा कशी भरतो यावर फार लिहिलं गेलंय, मी थोडक्यात उरकतो. मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या काही पेशी कडांना आणि त्यांच्या कलाला प्रतिसाद देतात, हे ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं, त्यासाठी १९८१ चं नोबेल मिळालं. १९६२ मध्ये हॉकबर्ग आणि ब्रुक्स या मानसशास्त्रज्ञांनी एका मुलाला जवळजवळ चित्रांविना वाढवून दीड वर्षाचं झाल्यावर रेखाचित्रं दाखवली. त्याने वस्तू ओळखल्या. रेघ वाचायला शिकवणी लागत नाही. हेच या कलेचं बळ आणि हीच तिची अडचण. ओळख इतकी सहज पटते की पाहणं तिथेच थांबतं. 'मांजर आहे' हे कळलं की काम संपल्यासारखं वाटतं.

या सहजतेचा गैरफायदा घेणारी एक अख्खी फॅशन सध्या बोकाळली आहे. एका अखंड बारीक रेघेत काढलेले हत्ती, कोल्हे, देवमासे. गोंदणात, बोधचिन्हांत, भिंतीवरच्या चौकटींत. हात सफाईदार, वळणं गुळगुळीत, आणि प्राणी कुठेच नाही. कोल्हा म्हणजे त्रिकोणी तोंड आणि झुपकेदार शेपूट, एवढ्या भांडवलावर सगळा धंदा. रेघ कुठेच अडखळत नाही, कारण तिला कुठल्या हाडाशी गाठच पडलेली नाही. अशा चित्राला साधेपणाबद्दल गुण देणं म्हणजे कोऱ्या उत्तरपत्रिकेला नीटनेटकेपणाचे गुण देण्यासारखं आहे.

गूगलने २०१६ मध्ये एक खेळ काढला होता, 'क्विक, ड्रॉ!' नावाचा. शब्द मिळायचा, २० सेकंदांत चित्र काढायचं, यंत्राने ओळखायचं. त्यातून ३४५ प्रकारांची ५ कोटी चित्रं जमा झाली आणि ती सर्वांना खुली केली गेली. त्यातली मांजरं चाळून बघा. गोल, वर दोन त्रिकोण, दोन्हीकडे मिशा. जगभरातल्या अनोळखी माणसांचं मांजराबद्दल केवढं हे एकमत! पण ते मांजराच्या चिन्हाबद्दलचं एकमत आहे. ती चित्रंही कमी रेघांचीच आहेत, झटपटही आहेत, खेळात काढलेली आहेत. तरी मांजर खिडकीतून उतरण्यापूर्वी मागचा भाग कसा गोळा करते, अंग कसं द्रवासारखं ओघळतं, याचा त्यात मागमूस नाही. वीस सेकंदांत तो येऊ नये हे समजू शकतं. पण चिन्ह आठवून काढलेलं आणि प्राणी पाहून काढलेलं, ही दोन मुळात वेगळी कामं आहेत आणि रेघांच्या संख्येवरून ती ओळखता येत नाहीत. 'माझं पोरगंही काढेल' म्हणणारा नेमका इथे फसतो. त्याचं पोरगं गोल आणि दोन त्रिकोण काढेल. कधी कधी याहून फार चांगलंही काढेल, आणि तेव्हा बापाचं लक्ष नसेल.

कडक परीक्षा म्हटलं की शिस्तप्रिय मंडळी खूश होतात. त्यांचा ठरलेला नियम: आधी हुबेहूब काढायला शीक, मग रेघा कमी कर. पिकासोचा बैल ते इथेही वापरतात. मला हा नियम अर्धाच पटतो. जेम्स थर्बर या अमेरिकन विनोदी लेखकाने चित्रकलेचं शिक्षण घेतलं नव्हतं. लहानपणी भावाच्या बाणाने एक डोळा गेलेला. तो कागदांवर पेन्सिलीने काहीबाही गिरगटून टाकून द्यायचा. सहकारी ई. बी. व्हाइट यांनी ते कागद उचलले, शाईने गिरवले, आणि १९२९ मध्ये ती चित्रं पुस्तकात छापून आली. थर्बरचं कुत्रं शरीरशास्त्राच्या परीक्षेत पहिल्याच फेरीत नापास व्हावं असं आहे. डोकं जड, पाय आखूड, हाडांचा पत्ता नाही. पण माणसांचा गोंधळ चालू असताना बाजूला बसलेल्या कुत्र्याची जी एक सहनशील, किंचित खिन्न बैठक असते, ती त्याला पकडता आली, भल्या भल्या पदवीधरांना आली नाही. म्हणजे शिक्षण हा दरवाजा नव्हे. पाहणं हा आहे, आणि ते बिनशिक्षणाचंही होऊ शकतं.

म्हणूनच शाळेतल्या गुणपद्धतीचा मला जास्त राग येतो. वर्गात मूल कोंबडीचं चित्र काढतं. एक पाय वर उचलून, बोटं मिटून, क्षणभर थबकलेली कोंबडी, तीन-चार रेघांत. कोंबडी चालताना पाऊल उचललं की बोटं मिटते आणि टेकवताना पसरते. हे त्या मुलाने पाहिलंय. शिक्षक म्हणतात, मागे डोंगर काढ, सूर्य काढ, पान रिकामं ठेवू नको. मूल आज्ञाधारकपणे डोंगर काढतं आणि कोंबडी त्यात हरवते. पुढच्या वेळी ते आधी डोंगर काढतं, कारण गुण कुठे आहेत ते त्याला कळलेलं असतं. शिक्षकाला दोष देऊन भागत नाही. साठ वह्या तपासायच्या असतील तर भरलेलं पान मोजणं सोपं, मिटलेली बोटं शोधणं कठीण. पण सोपं आहे म्हणून मोजपट्टी बरोबर ठरत नाही. आणि या मोजपट्टीचा उरलासुरला आधारही आता गेलाय. भरगच्चपणा निदान कष्टांचा पुरावा तरी होता. आज चित्र बनवणाऱ्या यंत्रांना दोन ओळींची सूचना दिली की अंगावरचे हजारो केस, ओल्या नाकावरची चमक, पाठीमागचं धुकं सगळं काही क्षणांत मिळतं. साधी रेघही मिळते म्हणा. म्हणून परीक्षकाला आता ना भरलेल्या पानाचा आडोसा उरला, ना रिकाम्या पानाचा.

माझ्याच म्हणण्यावर एक हरकत मात्र खरी आहे, ती टाळत नाही. ड्यूररच्या गेंड्याला जास्तीचं शिंग म्हणून मी चूक काढली. मग चिनी चित्रकार ची बाइशी (१८६४–१९५७) यांच्या कोळंब्यांचं काय? त्यांनी कोळंब्या घरी पाण्यात ठेवून वर्षानुवर्षं न्याहाळल्या, आणि जसजसे त्या जास्त ओळखीच्या झाल्या तसतसे चित्रातले पाय कमी करत नेले. खऱ्या कोळंबीच्या पायांशी हिशेब जुळतच नाही. पाणी तर काढलेलंच नाही, एक रेघसुद्धा. तरी कोळंबी पाण्यात आहे आणि तिचं अंग आरपार दिसतंय, याबद्दल बघणाऱ्याला शंका राहत नाही. पायांची मोजणी चुकवून कोळंबी बरोबर, आणि शिंग वाढवून गेंडा चूक, हा पक्षपात झाला का?

मला वाटतं नाही, पण उत्तर सरळसोट नियमात बसत नाही. जास्तीचे पाय पोहण्याच्या आड येत होते, म्हणून ते गेले. ते होते हे त्या हाताला ठाऊक होतं. गेंड्याचं शिंग न पाहता आलं. पहिलं सोडणं आहे, दुसरं अंदाजपंचे. फरक कागदावर दिसतो, पण तो ओळखायला परीक्षकाने कोळंबी पोहताना बघितलेली असावी लागते. चित्रांची हजार पुस्तकं वाचून हे येणार नाही. खरी गोची तिथेच आहे. कमी रेघांच्या चित्राचा कडक परीक्षक व्हायचं तर चित्रकाराइतकंच प्राण्याकडे बघावं लागतं, आणि तेवढा वेळ ना समीक्षकाकडे असतो, ना स्पर्धेच्या आयोजकाकडे, ना मानधन ठरवणाऱ्या संपादकाकडे.

तरी एक सूचना करतो, थट्टेने घेतली तरी चालेल. प्राण्यांच्या रेखाटनांच्या स्पर्धेत निकाल लावण्यापूर्वी परीक्षकांना एक कोरा कागद आणि पाच मिनिटं द्यावीत. बसलेली गाय काढा म्हणावं, उठायच्या बेतात असलेली. गाय आधी मागचा भाग उचलते आणि पुढचे गुडघे क्षणभर टेकलेलेच राहतात. घोडा नेमका उलट, आधी पुढचे पाय रोवतो. हे कागद कुणाला दाखवायचे नाहीत, त्यांना गुणही द्यायचे नाहीत. फक्त स्पर्धकांची चित्रं हातात घेताना ते परीक्षकांसमोर टेबलावर उघडे ठेवायचे.